आईचं कोपर आणि मिलचा लिलाव

मिल आतून कशी दिसते हे मला लहानपणापासून बघायचं होतं, आणि ते बघायला मिळालं तेव्हा मिल किलोच्या भावाने विकली जात होती.

शाळा सुटली की मी आईचा डबा घेऊन मिलच्या गेटावर जायचे. आत मुलांना सोडत नसत. चौकीदाराच्या खाकी पायांमधून जेवढं दिसेल तेवढं मी बघायचे, आणि दिसायची फक्त एक लांब भिंत. आवाज मात्र यायचा. पायाखालची जमीन हलकेच थरथरतेय असं वाटायचं. मग आई बाहेर यायची. केसांत, भुवयांत कापसाचा रुवा. बाहेर पडताना ती एकदा मागे वळायची आणि खांद्यावरून हात फिरवायची. रुवा झटकते असं मला वाटायचं. झटकून जायचा मात्र काहीच नाही.

आणि मग ती बोलायला लागायची. बोलायची म्हणजे ओरडायची. आतल्या आवाजाची तिला इतकी सवय होती की बाहेर आल्यावरही तिचा गळा खाली उतरत नसे. "गणितात किती पडले?" हे ती एवढ्या जोरात विचारायची की समोरच्या पानठेल्यावरची माणसंही उत्तराची वाट बघायची. घरीसुद्धा तेच. आमच्या चाळीत कुणाकडे काय भाजी झाली, कोण कुणावर रुसलं, हे सगळं आईच्या आवाजात सगळ्यांना कळायचं. आई म्हणजे आधी आवाज, मग बाई.

तो आवाज गेल्या वर्षी काढून टाकला. हे मी चटकदार म्हणून लिहीत नाही, डॉक्टरांनी तसंच केलं. आयुष्यभर दाढेखाली तंबाखू, वर चुना, मग घशात गाठ, आणि शेवटी स्वरयंत्रच काढावं लागलं. आता तिच्या गळ्यावर एक भोक आहे. त्यातून ती श्वास घेते आणि त्यावर पातळ फडकं बांधते. कळतं तिला सगळं, ऐकू येतं, हातपाय धड आहेत. फक्त बोलता येत नाही, आणि लिहिता सहीपुरतंच येतं. वडील आधीच गेलेले, मी एकुलती एक, म्हणून ती नंदनवन वस्तीत आमच्याकडे आली.

आमचं घर म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्यांचं. मी कोराडीला वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये आहे, नवऱ्याचं कळमन्याच्या धान्यबाजारात अडतीचं दुकान. मुलगी नोकरीला बाहेरगावी. आजीची सोय व्हावी म्हणून तिने चित्रांचा एक तक्ता करून पाठवला: पाण्याचा ग्लास, ताट, चहाचा कप, औषधाची गोळी, पंखा, टीव्ही, संडास. प्लास्टिकचं आवरण घातलेला छान तक्ता. आम्ही तो फ्रिजला लावला. आई गरजेपुरतं त्यावर बोट ठेवायची आणि आमचं चालायचं.

अडचण एका खुणेची होती. तक्त्यात न बसणारी.

मी संध्याकाळी घरात शिरते, पर्स खुंटीला लावते आणि तशीच ओट्याशी उभी राहते, कारण बसलं की उठवत नाही. तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात यायची. उजव्या हाताची चिमटी हवेत धरायची, गरकन फिरवायची, आणि तोच हात नेऊन डाव्या कोपराला लावायची. चिमटी, फिरवणं, कोपर. मी विचारायचे, "आता काय पाहिजे, आई?" ती पुन्हा तेच करायची. मी तक्ता दाखवायचे. ती तक्त्याकडे बघायचीसुद्धा नाही.

घरात प्रत्येकाने आपापल्या परीने अर्थ लावला. माझं आयुष्य नट-बोल्टच्या रॅकांमध्ये गेलेलं, मला वाटलं काहीतरी फिरवायचं आहे, म्हणून मी पंख्याचा रेग्युलेटर कमी करायचे. नवरा म्हणाला, "भाव विचारून राहिल्या त्या. दुसरं काय?" आणि तो रोज कळमन्याहून आल्यावर तिच्यासमोर बसून अगदी गंभीरपणे तुरीचा भाव सांगायचा. मग चण्याचा. आई त्याच्याकडे अशी बघायची की मला त्याची दया यायची. मुलीने व्हिडिओ कॉलवर खूण पाहिली आणि निकाल दिला, "आजीचं कोपर दुखतंय." हे सगळ्यांना पटलं. कोपराचा एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही, तरी डॉक्टरांनी मलम दिलंच. मी रोज तिळाचं तेल कोमट करून तिचं कोपर चोळायला लागले. चोळून झालं की गरम पट्टी.

तिने ते बरेच दिवस सहन केलं. संक्रांतीनंतरच्या एका संध्याकाळी मी पट्टी बांधत होते, तर तिने ती ओढून काढली, ओट्यावर टाकली, आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

त्यानंतर तिने खुणा करणंच सोडलं. ती खूण नाही आणि दुसरीही नाही. पाणी हवं तर उठून स्वतः घ्यायची, जेवण समोर ठेवलं तर जेवायची, आणि पुन्हा भिंत. माझी आई माझ्याशी दुसऱ्यांदा बोलायची बंद झाली होती, आणि या वेळी कारण सांगायला कुणी डॉक्टर नव्हते. मला ते फार लागलं. चीडही यायची. एवढं करतो आम्ही, आणि ही रुसून बसते. पण रात्रंदिवस एकच डोक्यात, की हिला पुन्हा माझ्याकडे वळवायचं कसं.

अशात एका रविवारी नवरा म्हणाला, "मिलचा माल निघून राहिला. ठेले पाहून येतो."

मिल बंद पडून किती वर्षं झाली. आतली यंत्रं एका मोठ्या ठेकेदाराने लिलावात घेतली होती आणि त्याला नको असलेलं तो सुटं विकत होता. नवऱ्याला कळमन्यात पोती ओढायला लोखंडी चाकांचे ठेले हवे होते. मी म्हटलं, मीपण येते.

"तू काय घेशीन तिथं?"

"काही नाही. पाहीन."

निघताना खाटेजवळ जाऊन विचारलं, "आई, मिलीत येतेस का? विकून राहिले सारं." तिने पांघरूण खांद्यावर ओढून घेतलं. शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगून आम्ही निघालो.

मिलचं गेट आधीच विकलं गेलं होतं, त्यामुळे मला कुणी अडवलं नाही.

आत गेल्यावर पहिला विचार काय आला असेल, तर एवढ्या मोठ्या जागेत एवढी कमी माणसं कशी. नवरा ठेल्यांकडे गेला आणि मी भटकत सुटले. मला वाटायचं, यंत्र म्हणजे काहीतरी उंच, डोक्यावर येणारं असेल. ही तर लांब निघाली, लग्नातल्या पंगतीसारखी, ओळीने मांडलेली, आणि प्रत्येकावर सूत भरायच्या चात्यांची रांग. छतावरून कधीकाळी पट्टे खाली येत असतील, त्यांच्या चाकांच्या नुसत्या जागा राहिल्या होत्या. खोबणींमध्ये अजून रुवा होता, काळा पडलेला. यंत्रांना ओतीव बिडाचे पाय होते, आणि मी वाकून बघते तर पायांवर वेलबुट्टी. खरीखुरी वेल, पानं, मधे फूल. सूत कातायच्या यंत्राच्या पायाला फूल काढायचं कुणाला सुचलं असेल, आणि तेही सातासमुद्रापलीकडे, ओतकामाच्या भट्टीत? तेलाने आणि धुळीने ते इतकं भरलं होतं की मी नखाने कोरून बघितलं. त्या पायावर चुन्याने आकडा टाकलेला होता, म्हणजे तो विकला गेलेला.

ठेकेदाराचा मुनीम खुर्ची टाकून बसला होता. त्याला मी विचारत सुटले. हे कुठे जातं? ते कुठे जातं?

"बीड जाते भट्टीत," तो म्हणाला. "कांड्या जयपूरकडं. लाकडी आहे नं, त्याचे दिवे बनवते लोकं."

"आणि ते पितळेचं?"

"ते सुटे भाग. खाली मद्रासकडं अजून चालून राहिल्या अशा मशिनी, त्यांले लागते. तुमाले काय पाहिजे मॅडम?"

"मला वाइंडिंग कुठे होतं ते पाहिजे."

त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि पलीकडच्या शेडकडे बोट केलं.

वाइंडिंग म्हणजे लहान कांड्यांवरचं सूत शंकूसारख्या मोठ्या कोनांवर गुंडाळायचं खातं. तिथे बायका असायच्या, माझी आई तिथे होती. एका यंत्राची एक बाजू एका बाईकडे. सूत तुटलं की पटकन सांधायचं, नाहीतर कोन वाया. एवढं मला घरच्या बोलण्यातून माहीत होतं. माहीत नव्हती ती फरशी. यंत्राच्या कडेकडेने फरशी खोलगट झिजली होती, एका बाईला मागेपुढे चालायला लागेल तेवढीच. बाकी फरशी खडबडीत आणि हा पट्टा गुळगुळीत. मी चप्पल काढून त्यावर चालून पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. आईची बाजू यातली कोणती, हे कळायला काही मार्ग नव्हता, म्हणून मी सगळ्याच बाजूंनी चालले.

शेडमध्ये गॅस कटरने यंत्रं कापणं चालू होतं. त्यात घणाचे घाव. मी एका कामगाराला काहीतरी विचारलं, त्याने कानाला हात लावला. मी ओरडून विचारलं, त्याने मान हलवली. माझं बोलणं मलाच ऐकू येत नव्हतं.

त्या गोंधळात दाराशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. एका हातात चहाची मोठी किटली, दुसऱ्या हातात कपांची पिशवी. बाहेर रस्त्यावर तिची टपरी होती, येताना मी पाहिली होती. चालून ती दमलेली दिसत होती, दाराच्या चौकटीला टेकली. शेडच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे फिटर स्टुलावर चढून पितळी भाग मोडू न देता सोडवत होते. ठेकेदाराने त्यांना मुद्दाम त्यासाठी बोलावलं असावं. त्यांनी म्हातारीला पाहिलं. पाना खाली ठेवला. उजव्या हाताची चिमटी हवेत धरली, गरकन फिरवली, आणि हात नेऊन डाव्या कोपराला लावला.

मी जागच्या जागी उभी राहिले.

म्हातारीने किटली खाली ठेवली आणि खांद्यावरून हात फिरवला, रुवा झटकल्यासारखा. फिटर स्टुलावरून उतरले, एवढी लांब शेड चालत आले, किटली उचलली आणि कामगारांना चहा वाटत निघाले. म्हातारी एका पालथ्या खोक्यावर बसली आणि तिने पाय लांब केले.

मी तिच्याजवळ जाऊन, तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "त्यांनी काय म्हटलं तुम्हाला?"

"काहून वं?"

"सांगा ना."

तिने मला हाताला धरून बाहेर नेलं, जिथे बोलणं ऐकू येईल. "काय म्हणतीन," ती म्हणाली. "तू बस, तुही बाजू मी पाहतो."

"म्हणजे?"

"आता काय सांगू तुले. आत एवढा आवाज राहे का गळा फाडला तरी शेजारणीले ऐकू नाही ये. मग हातानं बोलो आमी. चिमटी फिरवली म्हणजे सूत सांधणं. कोपर म्हणजे शेजारची बाजू, कोपराले लागून राहे ते. कोणी बाई पोटुशी राहे, कोणाले ताप, कोणी उपाशी. थकलेली दिसली का शेजारीण म्हणे, बस तू, तुहे धागे मी सांधतो. आपली बाजू पाहून तिचीबी पाहाची."

"आणि ते खांद्यावरून हात फिरवणं?"

"ते सोपवलं म्हणून. घे बाप्पा, तुह्या हवाली."

"आणि नाही म्हणायचं असेल तर?"

तिने विचार केला. "नाही म्हणाची खूण नोती," ती म्हणाली. "नाही कोण म्हणते?"

मी तिला सांगितलं की माझी आई वाइंडिंगला होती, तिला आता बोलता येत नाही, आणि मी कामावरून आले की ती रोज दारात उभी राहून मला हेच करायची.

"आन मंग तू काय करे?"

"कोपराला तेल चोळायचे."

म्हातारी हसायला लागली ती थांबेचना. पदराने डोळे पुसले. मग माझं तोंड बघून तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "चोळ बाप्पा," ती म्हणाली. "तेलानं काही बिघडत नाही."

मलाही हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. आई माझ्याकडे काही मागते आहे हे आम्ही धरूनच चाललो होतो. आजारी माणूस दुसरं काय करणार? फ्रिजवरचा तक्ता माझ्या डोळ्यांपुढे आला: ग्लास, ताट, गोळी, पंखा. त्यात आजी कुणाला काही देते आहे असं एकही चित्र नव्हतं. आणि ती रोज संध्याकाळी, माझं उतरलेलं तोंड बघून, मला बस म्हणत होती.

बाकीची मिल बघायची राहिली. नवऱ्याला ठेले मिळाले होते आणि तो खुशीत होता. "एवढी आली, एखादी कांडी तरी घे," तो म्हणाला. मी म्हटलं नको, लवकर घरी चला. वाटेत त्याला सगळं सांगितलं. त्याने गाडी हळू केली. मग म्हणाला, "म्हणजे मले बी बसच म्हणत होत्या? आन मी तुरीचा भाव सांगून राहिलो?"

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आई तशीच, भिंतीकडे तोंड करून. खाट भिंतीला लागून, त्यामुळे तिच्या समोर जायला जागा नव्हती. मी तिच्या दंडाला हात लावला. तिने मान वळवली, कपाळावर आठी. मी खांद्यावरून हात फिरवला.

ती बघत राहिली. मी पुन्हा फिरवला.

ती उठून बसली. माझा हात धरला, आणि मला वाटलं आता जवळ घेईल. तिने माझ्या मनगटावर चापट मारली. मी डावा हात वापरला होता. डाव्या हातात सूत असतं, तो मोकळा नसतो, हे मला कसं कळावं? तिने माझा उजवा हात उचलून डाव्या खांद्यावर ठेवला आणि वरून खाली ओढला. असं. मी तसं केलं. तिने मान डोलावली, गळ्यावरचं फडकं नीट केलं, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात गेली.

मी मागे जाऊन बघते तर तिने परात काढली होती. डॉक्टरांनी तिला फोडणीचा धूर नको म्हणून सांगितलं होतं, आणि आम्ही त्याचा अर्थ स्वयंपाकघरच नको असा करून टाकला होता. तिने फ्रिजवरून तक्ता काढला, ओट्यावर आडवा ठेवला आणि त्यावर ज्वारीच्या पिठाचा डबा ठेवला. पीठ मळलं. भाकरी थापायला लागली. थापताना आवाज होत होता, आणि इतक्या महिन्यांत तिच्याकडून आलेला तो पहिला आवाज होता.

नवरा दारातून डोकावला. "काहून वं, आई काहून भाकर टाकून राहिल्या?"

आईने त्याच्याकडे बघितलं आणि पिठाच्या हाताने खूण केली. त्याने मुकाट्याने खुर्ची ओढली आणि बसला.

मला मात्र सवय. भाजी गरम करावी म्हणून मी पुढे झालेच. आई तव्याकडे तोंड करून उभी होती, तिने वळून पाहिलंही नाही, पण तिला कळलं. पाठमोरीच तिने चिमटी वर धरली, फिरवली, आणि हात कोपराला लावला. ज्या कोपराला मी एवढं तेल चोळलं होतं, तिथे पिठाची पाच बोटं उमटली. मी खांद्यावरून हात फिरवला, उजवा, आणि खाली बसले.